परका कॉम्प्युटर, आपलं रेकॉर्डिंग: बूट होणाऱ्या पेनड्राइव्हची पार्श्वभूमी

आंबा बागायतदारांची सभा असो, हायस्कुलातलं शिक्षक प्रशिक्षण असो की ग्रामपंचायतीत ई-पीक पाहणीची माहिती द्यायची असो, कोकणात एक गोष्ट धरूनच चालावं लागतं: प्रोजेक्टरला जोडलेला कॉम्प्युटर आपला नसतो. तो लॅबमधला असतो, ऑफिसातला असतो, नाहीतर कुणा चाकरमान्याने गणपतीत गावी आणून ठेवलेला जुना लॅपटॉप असतो. सड्यावरच्या वाडीत नेटचा भरवसा नाही, त्यामुळे ॲप किंवा वेबसाइट लोकांसमोर थेट चालवून दाखवण्यापेक्षा स्क्रीनचं रेकॉर्डिंग करून नेलेलं बरं. पण ते रेकॉर्डिंग तरी तिथल्या मशीनवर चालेल कशावरून? म्हणून काही जण व्हिडिओसोबत प्लेअर आणि आख्खी ऑपरेटिंग सिस्टिमच पेनड्राइव्हवर घेऊन जातात. पेनड्राइव्ह लावायचा, मशीन त्यावरून सुरू करायचं, व्हिडिओ आपोआप पूर्ण पडद्यावर चालू होतो. हा द्राविडी प्राणायाम वाटेल, पण तो का सुरू झाला ते पाहिलं की पटतो.

खरं तर सुरुवातीला सगळंच असं होतं. १९८१ चा आयबीएम पीसी हार्ड डिस्कशिवाय यायचा. फ्लॉपी घालायची, तिच्यावरून डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करायची आणि पुढचा प्रोग्रॅमही फ्लॉपीवरूनच चालवायचा. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला आपला माल दाखवायचा असेल तर डेमोची फ्लॉपी पुरायची. व्हिजिकॅल्क हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर करणाऱ्या डॅन ब्रिकलिनने त्याच दशकात एक डेमो प्रोग्रॅमच बाजारात आणला होता. त्यात एकामागून एक स्क्रीन रचायचे आणि न लिहिलेलं सॉफ्टवेअरही चालत असल्यासारखं दाखवायचं. हार्ड डिस्क आली, विंडोज आलं, प्रत्येक मशीनचा संसार वेगळा झाला आणि मग ‘माझ्याकडे चालत होतं हो’ हे वाक्य जन्माला आलं.

नव्वदच्या दशकात लोटस स्क्रीनकॅमने पडद्यावरची हालचाल आवाजासकट टिपायची सोय केली. त्याचं रेकॉर्डिंग स्वतःच चालणाऱ्या एक्झी फाइलमध्येही ठेवता यायचं, म्हणजे प्लेअर पोटातच. पुढे टेकस्मिथचं कॅम्टेशिया आलं आणि त्यासोबत कोडेकचं दुखणं. कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून साठवणारा आणि चालवताना उलगडणारा प्रोग्रॅम. स्क्रीनचं रेकॉर्डिंग हे लग्नाच्या व्हिडिओसारखं नसतं. पडदा बहुतांश वेळ स्थिर असतो, बारीक अक्षरं असतात, कडा धारदार असतात. टेकस्मिथने त्यासाठी टीएससीसी नावाचा स्वतःचा कोडेक केला. अक्षर जराही न बिघडवता फाइल आटोपशीर ठेवणारा हा कोडेक होता, फक्त तो समोरच्या मशीनवर टाकलेला नसला की पडदा काळा आणि आवाज तेवढा चालू. तो टाकायला ॲडमिन पासवर्ड लागायचा आणि पासवर्ड माहीत असलेले सर हमखास रजेवर.

नेहमीच्या व्हिडिओ कोडेकमध्ये रूपांतर केलं तर वेगळीच पंचाईत. हे कोडेक रंगाची माहिती निम्म्या बारकाईने साठवतात. डोंगर-समुद्राच्या चित्रात ते कळत नाही, पण निळ्या पट्टीवरची लाल अक्षरं लगेच फुटतात. त्यात १०२४ बाय ७६८ च्या प्रोजेक्टरवर मोठा स्क्रीन आवळून दाखवला की देवनागरीत आधी अनुस्वार जातो, मग रफार, मग उकार. सातबाऱ्यावरचं नाव पडद्यावर वेगळंच दिसलं तर सभेत कुजबुज होणारच.

पॉवरपॉइंटने या गोंधळात भर घातली. २००७ च्या आवृत्तीपर्यंत स्लाइडमध्ये घातलेला व्हिडिओ स्लाइडच्या फाइलमध्ये नसायचाच, फक्त त्याचा पत्ता असायचा. घरच्या डी ड्राइव्हवरचा पत्ता घेऊन पीपीटी दापोलीला पोचायची आणि व्हिडिओ घरीच राहायचा. व्हिडिओ आपोआप फाइलमध्ये सामावून घेणं पॉवरपॉइंट २०१० पासून रूढ झालं. ‘पॅकेज फॉर सीडी’ ही सोय त्याआधी होती, वापरणारे फार थोडे.

दुसऱ्या बाजूला लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांचं वेगळंच चाललं होतं. १९९२ च्या सुमारास यग्ड्रासिल हे लिनक्स सीडीवरून चालायला लागलं, पण मशीन थेट सीडीवरून सुरू करण्याचा ठराविक मार्ग १९९५ मध्ये, फीनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी मांडलेल्या एल टोरिटो या मानकाने मिळाला. खरी लाट आणली ती जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपरच्या नॉपिक्सने, २००० साली. सुमारे दोन जीबीचा ऐवज दाबून ७०० एमबीच्या सीडीत बसवलेला, लागेल तेवढाच भाग त्या क्षणी उलगडायचा. लिहिण्यासारखं जे काही असेल ते रॅममध्ये, हार्ड डिस्कला हात नाही. साउंड कार्ड, डिस्प्ले, माऊस सगळं ते स्वतः ओळखायचं आणि त्या काळात ही जादूच होती. रॅम भरपूर असेल तर ‘टोरॅम’ असं टाइप करून पूर्ण सीडी रॅममध्ये चढवता यायची, मग सीडी बाहेर काढली तरी चालायचं. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलरचं पपी लिनक्स २००३ पासून हेच काम पुष्कळ कमी जागेत करू लागलं.

या सगळ्यात आपल्या विषयाला सर्वांत जवळचा प्रयोग म्हणजे मूव्हिक्स. इटलीच्या रोबेर्तो दे लेओचा हा प्रकल्प २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला. त्याच्या ई-मूव्हिक्स या प्रकारात व्हिडिओच्या सीडीवरच चिमुकलं लिनक्स आणि एमप्लेअर हा व्हिडिओ प्लेअर बसवायचा. सीडी मशीनमध्ये घालून सुरू केली की व्हिडिओ चालू, विंडोज आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही. सीडी लिहिण्याच्या के-थ्री-बी या प्रोग्रॅममध्ये ई-मूव्हिक्सची सीडी करण्याचा पर्याय मेनूतच असायचा. त्याच सुमाराचं जीएक्सबॉक्सही याच जातीचं: सुरू होताच रॅममध्ये बसायचं आणि ड्राइव्ह तुमच्या सीडीसाठी मोकळा सोडायचं. एमप्लेअरसोबत डझनावारी कोडेक एकत्रच यायचे, टीएससीसीसकट, म्हणजे वरचं दुखणं तिथल्या तिथे मिटत होतं. माझ्या मते ही कल्पना तिच्या योग्यतेच्या मानाने फारच लवकर विसरली गेली. सिनेमे पाहण्याचं साधन म्हणून ती मांडली गेली आणि घरोघरी डीव्हीडी प्लेअर आल्यावर सिनेमावाल्यांना तिची गरज उरली नाही. व्याख्यान देणाऱ्याला ती कामाची आहे हे फारसं कुणी सांगितलंच नाही.

आपल्याकडे स्क्रीन रेकॉर्डिंगला शिकवण्याचं साधन म्हणून वजन आलं ते आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पामुळे. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने, केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान शिक्षण मोहिमेच्या पैशातून हे काम उभं राहिलं. साधारण दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग, पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीतच, निवेदन मात्र मराठीसह भारतीय भाषांत. एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर, थांबवत थांबवत करून बघायचं. नेट नसलं तरी शिकता यावं हा त्यातला मुद्दा खास आपल्यासारख्यांच्या सोयीचा. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्राचं बॉस लिनक्सही २००७ पासून मराठीत वापरता येत होतं. या दोहोंची सांगड घालून ‘सीडी घाला, मशीन सुरू करा, मराठी धडा चालू’ असं काही गावोगाव पोचलं असतं तर बहार आली असती.

सीडीला आमच्याकडे पावसाळाही नडायचा. चार महिने हवेत पाणीच असतं, पाऊचमधल्या सीडीवर ठिपके उमटतात, प्रोजेक्टरच्या काचेलाही बुरशी धरते. त्यात सीडीवरून मशीन उठायला काही मिनिटं आणि मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे बायोस (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्रॅम) यूएसबीवरूनही मशीन सुरू करू लागले तसा पेनड्राइव्ह आपसूकच पुढे आला.

पण पेनड्राइव्हने रोगराईही आणली. ‘न्यू फोल्डर डॉट एक्झी’ची साथ ज्यांनी कॉलेजच्या लॅबमध्ये पाहिली त्यांना सांगायला नको. ड्राइव्ह लावताच प्रोग्रॅम चालू करणारा ऑटोरन २००८ च्या कॉन्फिकर वर्मने इतका बदनाम केला की मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये जुन्या विंडोजवरही पेनड्राइव्हसाठी तो बंद केला. पोर्टेबल प्लेअरचा मधला मार्ग होता, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच व्हीएलसी चालवायचं. आजही तो पुष्कळदा पुरतो. मात्र लॅबचं विंडोज रोगट असेल तर तुमची फाइलही रोगट होऊन घरी येते. पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवरून मशीन सुरू केलं तर तिथलं विंडोज झोपलेलंच राहतं: व्हायरस नाही, अँटिव्हायरसची चौकट नाही, भर सभेत अपडेटचा निळा पडदा नाही.

मग २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट आलं आणि मान्यतेची डिजिटल सही नसलेलं काहीही सुरू होईना. मोठ्या लिनक्सवाल्यांनी मायक्रोसॉफ्टची सही असलेला ‘शिम’ हा छोटा प्रोग्रॅम पुढे ठेवून वाट काढली, पण हौशी, चिमुकल्या डिस्कवाले मागे पडले. सिक्युअर बूट बंद करता येतं हे खरं, परंतु मशीनवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागण्याची शक्यता मोठी. ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर असा प्रसंग ओढवून घेऊ नये. ग्रामसेवकाला ती की ठाऊक नसते आणि दाखल्यासाठी आलेली माणसं बाकावर बसलेली असतात. मशीनवर जे आहे त्याला हात न लावणं हा या पद्धतीचा सगळा चांगुलपणा, तो एफ-टू दाबून सेटिंगमध्ये शिरलं की संपतो. शिम असलेलं डेबियन किंवा उबंटू लिनक्स घ्यावं, मशीन सुरू होताना एफ-ट्वेल्व्ह, एफ-नाइन किंवा एस्केपने फक्त त्या वेळेपुरता पेनड्राइव्ह निवडावा, बस्स.

अलीकडे रेकॉर्डिंग फोनवरच होतं. अँड्रॉइड ११ पासून त्याची सोय फोनमध्येच आहे, आणि २०२१ च्या १५ ऑगस्टला राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी मुळातच फोनवरची. उभ्या फोनचं रेकॉर्डिंग आडव्या पडद्यावर जेमतेम एक तृतीयांश रुंदी व्यापतं, दोन्ही बाजूंना काळं. म्हणून एमपीव्हीसारखा प्लेअर घेऊन हवा तो भाग मोठा करायचे आणि थांबवायचे शॉर्टकट आधीच बसवून ठेवलेले बरे. मराठी सबटायटल मात्र व्हिडिओतच छापून न्यावीत. जुन्या प्लेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात.

बऱ्याच शाळांत आता टीव्ही आहेत, ते एमपी-फोर थेट पेनड्राइव्हवरून वाजवतात, तिथे बूट करण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न उरतो जुन्या लॅबचा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्याच वर्षीच्या डेबियन १३ ने ३२ बिट मशीनवर नव्याने इन्स्टॉल करण्याची सोय काढून घेतली. तसल्या मशीनवर डेबियन १२ वर बेतलेल्या अँटीएक्स २३ या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती चालते. नव्या मशीनचं यूईएफआय (बायोसच्या जागी आलेला प्रोग्रॅम) फॅट ३२ ही फाइली मांडण्याची पद्धत वाचतं आणि बहुतेक टीव्हीही तेच वाचतात, त्यामुळे पेनड्राइव्ह फॅट ३२ मध्ये ठेवून बूटच्या फाइली आणि एमपी-फोर शेजारी शेजारी टाकले तर एकच पेनड्राइव्ह दोन्हीकडे लागतो. एक फाइल चार जीबीच्या वर जाऊ द्यायची नाही, एवढंच बंधन.