जीएमसी मोटरहोम : दुरुस्ती व देखभाल

जीएमसी मोटरहोम ही जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने १९७३ ते १९७८ या मॉडेल-वर्षांत मिशिगन राज्यातील पाँटिॲक येथे बांधलेली घरगाडी. एकूण १२,९२१ गाड्या तयार झाल्या; मग कंपनीने कारखान्यातील ती जागा मालट्रकांसाठी वळवली आणि हे वाहन कायमचे बंद झाले. आज रस्त्यावर असलेली प्रत्येक जीएमसी पंचेचाळीस वर्षांहून जुनी आहे. तरीही अमेरिका व कॅनडात ती हौसेने जपली जाते, लांबच्या प्रवासाला नेली जाते. तिच्या दुरुस्तीची पद्धत एव्हाना स्वतंत्र विषय म्हणावा इतकी पक्की झाली आहे.

त्या काळी घरगाडी म्हणजे बहुधा ट्रकच्या तयार चासीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) दुसऱ्या कोणी तरी चढवलेली लाकडी चौकटीची खोली असे. जीएमसीचे तसे नव्हते. इंजिन, चासी आणि बॉडी यांची आखणी एकाच कंपनीने एकत्रित केली. ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या मोटारीचे ७.५ लिटरचे व्ही-८ इंजिन (१९७७ पासून ६.६ लिटरचे) आणि तिचाच पुढची चाके फिरवणारा गिअरबॉक्स घेतल्यामुळे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट उरला नाही. मागे आडवा ॲक्सलही ठेवला नाही. त्यामुळे घराची जमीन रस्त्यापासून अवघ्या हातभर उंचीवर आली आणि गाडी ठेंगणी, वळणावर स्थिर झाली. बॉडीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, वरचे पत्रे ॲल्युमिनियमचे व खालचा भाग फायबरग्लासचा. लाकडी चौकटीच्या घरगाड्या ज्या रोगाने मरतात, म्हणजे छपरातून पाणी मुरून भिंती कुजणे, त्यातून ही बरीचशी सुटली. खिडक्यांची रबरे आणि छतावरील एसीखालचे गॅस्केट मात्र झिरपतात. त्या पाण्याने प्लायवूडची जमीन फुगते. म्हणून जुनी गाडी पाहायला गेलेला जाणकार आधी गालिचा उचलून बघतो.

मागचे सस्पेन्शन हे या गाडीचे वैशिष्ट्य आणि मालकाच्या कामाचे पहिले ठिकाण. प्रत्येक बाजूला दोन चाके एकामागोमाग असतात. पुढचे चाक धरणारा दांडा पुढे, मागचे धरणारा मागे, आणि दोहोंच्या मध्ये आडवा बसवलेला हवेचा फुगा. मुंबई–पुणे मार्गावरील व्होल्वो बसखाली काम केलेल्या मिस्त्रीला फुगा नवा नाही; तो असा आडवा बसलेला पाहून मात्र तोही क्षणभर थांबेल. हवा भरणारा काँप्रेसर पुढे असतो आणि त्याच्या साहाय्याने मुक्कामाच्या जागी गाडीची मागची बाजू चालकाला वर-खाली करता येते. रात्री समतल उभी केलेली गाडी सकाळी एका कुशीवर कललेली दिसली, की हवा गळते हे ठरलेले. अननुभवी मालक लगेच नवा फुगा मागवतो. गळती बहुतेकदा सांध्यांत, उंची राखणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये नाही तर कडक झालेल्या नळीत निघते. साबणाचे पाणी फवारून बुडबुडे कुठे येतात ते पाहणे, एवढीच त्याची तपासणी. फुगा खरोखरच फुटला तर मागचा भाग खाली टेकतो, म्हणून लांबच्या प्रवासात एक जादा फुगा सोबत ठेवण्याची रीत आहे. दांडे ज्या पिनांवर फिरतात तिथले ग्रीस चुकले, की पिन आणि तिच्याभोवतीचे बुश एकमेकांना खातात आणि ते काम फुग्यापेक्षा कितीतरी महाग पडते. केवळ हवेवर तोललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. हवा गेली की पाच टनांचे धूड क्षणात खाली बसते. चासीखाली लोखंडी स्टँड लावल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही.

टायरची गोष्ट वेगळी. कारखान्यातून गाडी १६.५ इंची रिमवर आली. त्या मापाचे टायर पुढे दुर्मीळ झाले आणि बहुतेकांनी १६ इंची रिम बसवून घेतले. बदल चांगला आहे. धोका अर्धवट बदलात आहे. १६.५ इंची रिमची कड तिरपी असते, तर १६ इंचीची जवळजवळ सपाट. अर्ध्या इंचाने काय होते, असे म्हणून १६ इंची टायर जुन्याच रिमवर चढवून हवा भरली, तर टायरची कड तुटून तो बाँबसारखा उडू शकतो. शिवाय या गाड्या वर्षभरात फार कमी चालतात, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र आतून म्हातारे झालेले असते. टायरच्या बाजूवरील चार अंकी आकडा, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे, हाच खरा पुरावा. नक्षीवर विश्वास ठेवणारा मालक भर हायवेवर फसतो.

पेट्रोलच्या व्यवस्थेवर जितका वेळ घालवावा तितका थोडा. गाडीत दोन टाक्या, मिळून सुमारे १९० लिटर. ॲव्हरेज लिटरला साडेतीन-चार किलोमीटर. पंप मुळात इंजिनावर आहे आणि टाक्या लांब मागे. पंप दुरून ओढतो तेव्हा नळीतील दाब उतरतो. कमी दाबात पेट्रोल कमी तापमानालाच उकळते, आणि एक्झॉस्टच्या जवळून जाणाऱ्या नळीत वाफ अडकते. परिणामी उन्हाळ्यात घाट चढताना इंजिन आचके देत बंद पडते आणि अर्ध्या तासाने, थंड झाल्यावर, काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते. यात कार्बोरेटर निर्दोष असतो, तरी बिचारा दर वेळी उघडला जातो. खरा उपाय म्हणजे टाकीजवळ विजेवर चालणारा पंप बसवून पेट्रोल मागून ढकलणे.

याहून गंभीर बाब रबरी नळ्यांची. अमेरिकेत आता बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि १९७० च्या दशकातील रबर त्यासाठी केलेलेच नव्हते. (२० टक्के इथेनॉलचे ई-२० पेट्रोल आल्यावर महाराष्ट्रात जुन्या स्कूटर-मोटारींच्या मालकांत जी धास्ती पसरली, तिचे मूळ हेच.) नळी आधी मऊ पडते, मग तडकते. तिचे बरेच तुकडे टाक्यांच्या डोक्यावर दडलेले असल्याने टाक्या खाली उतरवल्याखेरीज ते दिसतही नाहीत. काम किचकट, हात काळे करणारे, आणि पूर्ण झाल्यावर बाहेरून काहीच वेगळे दिसत नाही; म्हणूनच ते पुढे ढकलले जाते. पण इंजिन चालकाच्या शेजारी, घराच्या आतल्याच झाकणाखाली आहे आणि फायबरग्लास एकदा पेटले की विझवणे कठीण. जीएमसीच्या बाबतीत आग ही सर्वांत मोठी भीती, आणि तिचे सर्वांत सामान्य कारण एखादी स्वस्त नळी असते.

इंजिन आणि गिअरबॉक्स त्या मानाने दणकट. इंजिनाचा जोर तेलामार्फत पुढे देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरकडून गिअरपर्यंत ताकद एका रुंद साखळीने जाते. तीन गिअरांचा हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वेळेवर तेल बदलले तर फारसा त्रास देत नाही. पुढच्या टॉर्शन बारला मात्र घरी हात घालू नये. पीळ भरलेल्या त्या पोलादी दांड्यात एवढा जोर असतो, की योग्य हत्याराशिवाय सोडवताना निसटला तर हात जातो. ब्रेक पुढे डिस्क, मागे चार ड्रम. अनेकांनी मागेही डिस्क बसवले आहेत. तसे करताना ब्रेकचे तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर व पुढच्या-मागच्या दाबाचे प्रमाण यांचा हिशेब न केल्यास गाडी आधीपेक्षा वाईट थांबते.

घराचा भाग वाहनाच्या भागापेक्षा लवकर जुना होतो आणि त्याचे मिस्त्रीही वेगळे. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये अमोनिया, पाणी व हायड्रोजन असतात. हलणारा एकही भाग नाही. द्रव आपल्याच उताराने फिरतो, म्हणून गाडी तिरपी उभी ठेवून असा फ्रिज तासन्‌तास चालवला तर त्याची मागची नळी जळते. मागच्या बाजूला पिवळी भुकटी दिसली, तर आतले द्रावण बाहेर आले आहे. त्या फ्रिजचा नाद सोडावा. स्वयंपाकाचा प्रोपेन हवेहून जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो, आणि या गाडीची जमीन मुळातच खालच्या पातळीवर. गॅससूचक यंत्र त्यामुळे खालीच लावतात. विजेच्या तक्रारींत निम्म्या अर्थिंगच्या निघतात, कारण फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. प्रत्येक दिव्याला परतीची तार लागते, तिचे टोक गंजले की दिवा मिणमिणतो आणि दोष बॅटरीला मिळतो.

उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यापूर्वी पाण्याच्या सगळ्या नळ्या रिकाम्या करून त्यांत गुलाबी रंगाचे, विषारी नसलेले गोठणरोधक भरतात. इंजिनात घालायचे हिरवे द्रावण विषारी असते. ते पिण्याच्या नळीत जाता कामा नये. एका रात्रीच्या विसराळूपणाने पंप, नळ आणि गिझर एकदम फुटल्याची उदाहरणे दर वसंतात ऐकू येतात.

सुटे भाग ही जुन्या वाहनांची नेहमीची रड, पण इथे नशीब बरे. इंजिन-गिअरबॉक्सचे भाग मोटारींचेच असल्याने मिळत राहिले. फक्त या गाडीचे असलेले भाग, म्हणजे फुगे, मागचे दांडे, काचांची रबरे, मालकांच्या संघटनांभोवती वाढलेले छोटे कारागीर पुन्हा बनवू लागले. आतली सजावट मात्र गाडीगणिक वेगळी. कंपनीने स्वतः ‘ग्लेशिअर’, ‘सिक्वॉया’, ‘पेंटेड डेझर्ट’ अशा नावांनी मांडण्या विकल्या, आणि काही गाड्या रिकाम्या कवचासारख्या दुसऱ्या कंपन्यांना दिल्या. त्यामुळे एकीच्या कपाटाचे दार दुसरीला बसेल याची खात्री नाही. मूळ नारिंगी-तपकिरी गाद्या जपाव्यात की सौरपट्ट्या व इंधन-इंजेक्शन बसवून गाडी रोजच्या वापराची करावी, यावर मालकांत जुना वाद आहे. संग्रहालयात ठेवायच्या मोजक्या गाड्या वगळल्या तर दुसरा पक्ष अधिक शहाणा वाटतो.

बरीच वर्षे उभी राहिलेली गाडी विकत घेतली, तर क्रम असा पाळतात : पेट्रोलच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या व तेल, टायर, पुढच्या चाकांचे बेअरिंग, मागच्या पिनांचे ग्रीस, आणि मगच पहिली लांब चक्कर. रंग आणि गाद्या पुढच्या वर्षी.