गोल्डन रिट्रीव्हरच्या केसांना मशीन लावण्याआधी

उन्हाळा लागला की पुण्या-मुंबईतल्या कुत्र्यांच्या सलूनमध्ये एक मागणी हमखास होते : "याचे केस पार काढून टाका, बिचाऱ्याला उकडतंय." टेबलावर बऱ्याचदा गोल्डन रिट्रीव्हर उभा असतो. मालकाच्या मायेबद्दल शंकाच नाही. पण ते केस आहेत कशासाठी, हे एकदा समजून घेतले तर मशीन फिरवायला हात धजावणार नाही.

पाठीवरचे केस दोन बोटांनी बाजूला करून पाहा. वर लांब, जरा राठ, सरळ किंवा किंचित लाटदार केस असतात. त्यांच्या मुळाशी फिकट रंगाची, कापसासारखी दाट लव असते. पाणी वरच्या केसांवरून ओघळते आणि लव त्याला सहज आत शिरू देत नाही. आंघोळीच्या वेळी शाम्पू कातडीपर्यंत पोचवताना आपण घायकुतीला येतो, ते यामुळेच.

ही रचना थंड पाण्यात काम करण्यासाठी आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात डडली मार्चबँक्स, म्हणजे पुढचे लॉर्ड ट्वीडमाउथ, यांनी 1868 मध्ये नाऊस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनिएल जातीची मादी यांची जोडी लावली. त्या वेतातल्या पिवळ्या पिल्लांपासून आजचे गोल्डन आले. या जातीचे मूळ रशियन सर्कशीतल्या कुत्र्यांत असल्याची कथा बरीच वर्षे चालली. 1952 मध्ये ट्वीडमाउथ यांच्या नोंदवह्यांतली माहिती प्रसिद्ध झाली आणि ती कथा मागे पडली.

शिकाऱ्याने पाडलेला पक्षी पाण्यातून किंवा झुडपातून शोधून आणायचा, हे या कुत्र्याचे काम. बंदुकीच्या आवाजाला बिचकायचे नाही, हुकूम होईपर्यंत बसून राहायचे आणि पक्ष्याला दात न लावता तो हातात आणून द्यायचा. त्याचा आजचा स्वभाव याच कामातून घडला आहे. घरात कोणी आले की हा चप्पल, मोजा, उशी, जे सापडेल ते तोंडात धरून शेपूट हलवत सामोरा येतो. त्याला शिकवणे सोपे जाते, कारण माणसाकडे लक्ष ठेवणाऱ्या कुत्र्यांचीच निवड पिढ्यान् पिढ्या होत आली. अंधांचे वाटाडे म्हणून त्यांना तयार करतात तेही यासाठीच. राखणदार म्हणून मात्र त्याच्यावर भिस्त ठेवू नये. अनोळखी माणसाचेही तो स्वागतच करील. शिवाय दिवसभर एकटे कोंडून ठेवण्याजोगा हा कुत्रा नाही. नर खांद्यापाशी 56 ते 61 सेंटिमीटर उंच भरतो आणि त्याचे वजन सहज तीस किलोवर जाते. एवढ्या अंगाला रोज मनसोक्त पळायला मिळाले नाही, तर सोफ्याची गादी फाटते. तो दोष कुत्र्याचा नव्हे.

रंगाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. नाऊस काळ्या पिल्लांच्या वेतातला एकटाच पिवळा होता, असे सांगतात. आनुवंशिकतेच्या नियमाने हे अगदी शक्य आहे. एमसीवनआर या जनुकाचे एक बदललेले रूप आई आणि बाप दोघांकडूनही आले, तर केसांत काळे रंगद्रव्य तयार होत नाही. फक्त पिवळसर-तांबूस उरते. आईबाप स्वतः काळे असूनही ते रूप दडवून बाळगू शकतात. या बदलाचा परिणाम केसांपुरताच असतो, म्हणून मलईच्या रंगापासून गडद सोनेरीपर्यंत कोणत्याही छटेच्या गोल्डनचे नाक आणि ओठांच्या कडा सहसा काळ्याच असतात.

आता पुन्हा त्या मशीनकडे. आपल्याला घाम येतो, तो वाळताना अंग गार होते. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात. तो गार होतो तो जीभ बाहेर काढून धापा टाकत. म्हणजे केस भादरून त्याला आपल्यासारखा फायदा मिळत नाही. उलट कातडीला उन्हाची झळ थेट बसते. आणि पुन्हा उगवताना मऊ लव आधी येते, वरचे राठ केस मागे राहतात. काही कुत्र्यांत ते महिनोन् महिने ठिगळासारखे उगवतात. शस्त्रक्रियेसाठी किंवा जखमेसाठी डॉक्टरांनी काढले तर गोष्ट वेगळी.

खरा उपाय आहे मेलेली लव विंचरून काढण्याचा. दिवसाच्या लांबीप्रमाणे वर्षातून दोनदा ती भरपूर झडते, थोडी बारा महिने. एरवी आठवड्यातून दोन-तीनदा आणि त्या दिवसांत रोज विंचरावे. वरवर ब्रश फिरवून भागत नाही. केसांचा एकेक भाग उचलून मुळापासून स्लिकर ब्रश, म्हणजे बारीक वाकड्या तारांचा ब्रश, आणि मग पोलादी फणी चालवावी. गुंता धरतो तो कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या झालरीत. आंघोळ महिना-दीड महिन्यातून एकदा पुरे, तीही कुत्र्यांच्या शाम्पूने.

पावसाळ्यात मात्र आळस करू नये. वरून कोरडा दिसणारा कुत्रा मुळाशी ओला असतो. त्या ओलीत कातडी चिडते, तो खाजवतो, चाटतो आणि एका रात्रीत लाल, पाणी सुटलेला चट्टा दिसू लागतो. फिरून आल्यावर टॉवेलने पुसून पंख्यासमोर बसवावे आणि बोटे मुळापर्यंत घालून पाहावे. त्याच वेळी गोचिडीही शोधाव्यात : कानांत, पट्ट्याखाली, पंजाच्या बोटांमध्ये. गोचीड तापाने चांगला धडधाकट कुत्राही आडवा होतो. खाणे सोडले किंवा अंग तापले, तर रक्त तपासायला वेळ लावू नये.