कुडीचे भोक आणि बुगडीचे भोक

‘कान टोचले’ या दोन शब्दांत आपण दोन अगदी निरनिराळ्या जखमा गुंडाळतो आणि मग दोन्हींवर एकच उपाय करत बसतो. बारशाला सोनाराने पाळीत सोन्याची तार घातली, तेही कान टोचणेच. आणि गणपतीच्या तोंडावर ढोलपथकातल्या मुलाने भिकबाळीसाठी कानाची वरची कड टोचून घेतली, तेही कान टोचणेच. शब्द एकच असल्यामुळे ‘त्यात काय एवढे, तान्ह्या बाळाचेसुद्धा टोचतात’ हे वाक्य दर भाद्रपदात ऐकावे लागते आणि त्याचा मला आता मनापासून कंटाळा आला आहे. तान्ह्या बाळाची टोचतात ती पाळी. वरची कड कोणी टोचत नाही.

पाळीबद्दल फार सांगण्याची गरज नाही, कारण ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. पाळी म्हणजे कातडी आणि थोडी चरबी. तिला रक्ताचा भरपूर पुरवठा असतो, म्हणून तिथली जखम साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते आणि पिकली तरी बहुधा साध्या औषधाने आटोक्यात येते. बाराव्या दिवशीच टोचायचे की धनुर्वाताची पहिली लस होईपर्यंत थांबायचे, एवढाच काय तो खरा प्रश्न उरतो. ती लस आपल्याकडे सहाव्या आठवड्यात मिळते आणि माझे मत स्पष्ट आहे: थांबावे. मुहूर्त पुढे पुन्हा काढता येतो. एरवी पाळीचे दुखणे म्हणजे जड झुब्यांनी भोक ओघळणे, आणि त्यावरचा उपाय आपल्या जुन्या दागिन्यांतच आहे: कानाचा वेल केसांत अडकवला की वजनाचा मोठा वाटा तो पेलतो.

खरी गफलत होते ती वरच्या कडेबाबत. कुडी पाळीत बसते, बुगडी आणि भिकबाळी वर, आणि या दोन जागांमधले अंतर बोटभर असले तरी त्या घडणीने वेगळ्या आहेत. कान चिमटीत धरून पाहिला तरी हे कळते. पाळी मऊ कणकेसारखी दाबली जाते. वरची कड दुमडून सोडली की ती झटकन उभी राहते. हा ताठपणा कूर्चेचा, म्हणजे आपण ज्याला मऊ हाड म्हणतो त्याचा आहे. या कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर एक पातळ आवरण घट्ट चिकटलेले असते, त्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांतून जे काही झिरपते त्यावरच ती जगते. रक्तच पोहोचत नाही तिथे रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशीही सहज पोहोचत नाहीत, त्यामुळे वरच्या कडेची जखम भरायला चार-सहा महिने, कधीकधी वर्षही लागते. वरून कोरडे आणि बरे दिसणारे भोक आतून कच्चेच असते, आणि दोन महिन्यांनी ‘आता झाले’ म्हणून दागिना बदलणारी मंडळी नेमकी इथे फसतात.

तिथे जंतू शिरले तर काय होते, हे समजून घ्यायला कोल्हापूरकडच्या एखाद्या तालमीत जावे. जुन्या पैलवानाचा कान मोडलेला, गोळा होऊन मुरगळलेला असतो. कुस्तीत कान घासला की कूर्चा आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साचते, आवरण सुटते, कूर्चा उपाशी पडून मरते आणि तिच्या जागी वेडेवाकडे वण धरते. टोचलेली कड पिकते तेव्हा यातले रक्त काढून त्या जागी पू घाला, बाकी गोष्ट तीच. मेलेली कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी उगवत नाही. पैलवानाला त्या कानाचा अभिमान असतो, कारण तो त्याने आखाड्यात कमावलेला असतो. दुकानात दोन मिनिटांत टोचून घेतलेल्या भोकापायी तसा कान कोणाला हवा असेल असे मला वाटत नाही.

दोन्ही जागांचे जंतूही बहुधा सारखे नसतात. पाळीत सहसा कातडीवरचेच नेहमीचे जंतू त्रास देतात, तर कूर्चेत वारंवार सापडतो तो स्यूडोमोनास, ओलाव्यात आणि साठवलेल्या पाण्यात वाढणारा. साध्या गळवावर दिले जाणारे अमॉक्सिसिलिनसारखे औषध त्याच्यावर चालत नाही. त्याला सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीचे औषध लागते, आणि पू साचला असेल तर तो काढावाही लागतो. २००० साली अमेरिकेच्या ओरेगन राज्यात दागिन्यांच्या एका छोट्या दुकानात टोचून घेतलेल्या सात जणांना या जंतूचा संसर्ग झाल्याचे सिद्ध झाले. जंतू सापडला तो दुकानातल्या जंतुनाशकाच्या फवारणीच्या बाटलीत. त्याच दुकानात पाळ्याही टोचल्या जात होत्या, पण सिद्ध झालेले सातही जण वरची कड टोचून घेतलेले होते. ‘आम्ही सगळे स्पिरिटने पुसतो’ असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले की मला ती बाटली आठवते.

हा फरक घरात कसा हुकतो ते मी जवळून पाहिले आहे. माझ्या भाचीने बारावीची परीक्षा संपल्यावर वरच्या कडेला खडा बसवून घेतला. चौथ्या दिवशी कानाचा वरचा भाग लाल, गरम आणि टेकवता येणार नाही इतका ठणकणारा झाला, पण पाळी मात्र शाबूत, रंगानेही नेहमीसारखी. ‘पाळीपर्यंत आलेले नाही, म्हणजे वरवरचे आहे’ असा निष्कर्ष ताईने काढला आणि हळद-तेल लावायला घेतले. वस्तुस्थिती उलटी आहे. पाळीत कूर्चा नसते, म्हणून कूर्चेच्या आवरणाचा दाह पाळीच्या उंबरठ्यावर थांबतो. वर सगळे सुजलेले आणि खाली पाळी कोरी, हेच त्याचे ओळखीचे लक्षण आहे. असे दिसले की त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे, औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून चार दिवस वाट पाहू नये. तिचा कान वाचला, पण कडेला एक खाच कायमची राहिली.

टोचण्याचे साधनही इथे निर्णायक ठरते. गनमधला खडा धारदार नसतो, तो स्प्रिंगच्या जोराने आत ठोकला जातो. पाळी ते सोसते. कूर्चा मात्र त्या धक्क्याने चिरडते आणि तिचे आवरण सुटू शकते, म्हणजे पैलवानाच्या कानाची सुरुवात आपणच करून देतो. शिवाय अशा बऱ्याच गनना प्लॅस्टिकचे भाग असल्यामुळे त्या वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाहीत, आणि मागची फिरकी घट्ट बसवली की सुजेला जागाच उरत नाही. वरच्या कडेला नवी, निर्जंतुक, पोकळ सुई आणि सुजेसाठी सैल राहील अशी लांब दांडी, एवढेच मला मान्य आहे. धातूची चर्चा लोक फार करतात. निकेल नको, एवढे पुरे. ‘तार रोज फिरवत राहा’ हा सल्ला पाळीलाही नको आणि कडेला तर मुळीच नको, कारण भरत आलेली जखम त्याने रोज नव्याने उकलते. ज्यांच्या घराण्यात वण वाढून गाठी होतात, त्यांनी वरची कड टोचूच नये.

आता शास्त्राचा आधार. कुठलेही भोक पाडायचे झाले की सुश्रुताचे नाव पुढे केले जाते. सुश्रुतसंहितेत कर्णवेधाचा विधी आहे हे खरे, आणि तो वाचण्यासारखा आहे: सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, शुक्लपक्षात, बाळाला मांडीवर घेऊन, खेळण्यांनी रमवून, मुलाचा उजवा कान आधी आणि मुलीचा डावा, सूर्याच्या उजेडात जे दैवकृत छिद्र (म्हणजे उजेड आरपार जाणारी मुळातली पातळ जागा) दिसते तिथेच, हळूच आणि सरळ टोचायचे, मग कापसाची वात घालायची. कारणही तिथे दोन शब्दांत दिले आहे: रक्षा आणि भूषण. जागा चुकली तर काय काय बिघडते याची यादीही लगेच येते. म्हणजे ज्याचा हवाला देऊन कानात कुठेही भोक पाडले जाते, त्या ग्रंथाचा सगळा जोर नेमक्या जागेवर आहे. त्यातली रक्षा आपल्याकडेही उतरली आहे. मुले जगत नसत अशा घरात भीक मागून मिळालेल्या पैशांतून बाळी करून ती मुलाच्या कानात घालत, तीच भिकबाळी, अशी तिची कथा सांगतात. पोराचे नाव दगडू किंवा धोंडू ठेवण्यामागचीच ही बुद्धी. पुढे तिच्यात मोती आणि माणके आली आणि ती पेशवाई थाटाची खूण झाली.

‘आमच्या आजीने जन्मभर बुगडी घातली, तिला काही झाले नाही’ हा शेवटचा आक्षेप. आजीचा कान सरावाच्या हाताने, बारीक तारेने, सावकाश टोचलेला होता. त्यावर हेल्मेट चढत नव्हते, हेडफोन दाबला जात नव्हता आणि मोबाइल टेकत नव्हता. ज्यांचे कान बिघडले त्यांनी बुगडी उतरवून ठेवली, त्यामुळे फोटोत त्या दिसत नाहीत, हेही विसरू नये. कूर्चा गंभीरपणे घेणारी परंपरा पाहायचीच असेल तर ती नाथपंथातल्या कानफाट्यांची आहे. त्यांची मुद्रा पाळीत नसते, कानाच्या वाटीतच चीर देऊन घातलेली असते. पण ती दीक्षेचा भाग म्हणून, आणि जखम भरेपर्यंत साधकाने जपून राहायचे असते. दुपारी टोचून संध्याकाळी मिरवणुकीत ढोल वाजवण्याशी तिचे काही नाते नाही.

दहा दिवसांच्या हौसेसाठी चापाची भिकबाळी मिळते, बुगडीही मिळते, आणि नऊवारीवर किंवा फेट्याखाली ती खरी की चापाची हे चार हातांवरून कोणालाही कळत नाही. तरीही टोचायचेच असेल तर दुकानात शिरताच विचारावे, की वरची कड कशाने टोचता. ‘त्याच गनने, काही होत नाही’ असे उत्तर आले, तर त्या माणसाकडून मी पाळीसुद्धा टोचून घेणार नाही.