मैदानाबाहेर एकचाकी सायकल : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून एकचाकी सायकल नेलेले ग्राहक सुरुवातीला सोसायटीच्या आवारात तोल साधतात आणि तो साधला की आता हिच्यावरून कुठे जावे, असे विचारतात. त्यांच्यासाठी हे पत्रक आहे.

या सायकलीला साखळी, गिअर आणि फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक फिरू देणारा भाग) यांपैकी काहीच नसते. क्रँक, म्हणजे ज्यांच्या टोकाला पेडल असतात ते दांडे, थेट आसावर बसवलेले असल्याने पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा होतो. २० इंची चाक त्यात सुमारे १.६ मीटर पुढे जाते, तर ३६ इंची चाक सुमारे २.९ मीटर. म्हणूनच जमिनीतला प्रत्येक चढ-उतार थेट पायाला कळतो, आणि या वाहनाची खरी गंमतही त्यातच आहे.

पहिली सहल समुद्रकिनाऱ्यावर करावी, असे आम्ही सुचवतो. दापोलीजवळच्या मुरुड-कर्दे किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पाणी नुकतेच मागे सरलेली ओली वाळू घट्ट असते. सुरूच्या बनाजवळच्या कोरड्या वाळूत मात्र चाक रुतते आणि स्वार पुढे फेकला जातो. वेळेसाठी कोकणातला जुना हिशेब पुरेसा आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते आणि तिच्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी येते. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला पडते, तर पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास ती साडेपाचच्या आगेमागे, पहाटे आणि संध्याकाळी, येत असल्याने फिरण्यासाठी तेच दिवस निवडावेत. टायर रुंद असावा आणि त्यात हवा रस्त्यापेक्षा कमी ठेवावी.

जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कोकणातल्या खडकाळ पठारावर, खडबडीतपणामुळे पकड चांगली मिळते, पण मध्येच खळगे येतात. तेथे सीटवर पूर्ण भार न देता पेडलवर किंचित उभे राहावे आणि एका हाताने सीटची मूठ धरावी. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या सड्यावर जाऊ नये. कितीही सराव असला तरी तेथे तोल टिकत नाही. पठारावर फुले असतील तेव्हा सायकल खांद्यावर घ्यावी, ही आमची विनंती आहे.

घाटाचा रस्ता सर्वांत शेवटी घ्यावा. उतारावर पाय थांबवून सुटता येत नाही, उलट वेग आवरण्यासाठी प्रत्येक फेऱ्यात पेडल मागे दाबून धरावे लागते आणि मांड्या लवकर भरून येतात. म्हणून लांब क्रँक आणि सीटखाली ब्रेक असलेली सायकलच न्यावी. ३६ इंची चाक सपाट, लांबच्या रस्त्यासाठी उत्तम असले, तरी पहिल्याच खरेदीत ते घेऊ नये, असे आमचे मत आहे, मग आमची विक्री थोडी कमी झाली तरी चालेल.

किनाऱ्यावरून परतल्यावर चाक, तारा आणि पेडल गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत. पंक्चर काढल्यावर चाक उलटे बसत नाही ना, हे मात्र नीट पाहावे. दोन्ही बाजू दिसायला सारख्या असल्या तरी डाव्या आणि उजव्या पेडलचे आटे एकमेकांविरुद्ध असतात. बाजू बदलल्यास पेडल चालता चालता सैल होते आणि क्रँकचे आटे झिजतात. बाजू ओळखण्यासाठी क्रँकवर इंग्रजी ‘एल’ आणि ‘आर’ कोरलेले असतात. शंका वाटल्यास चाक आमच्याकडे आणावे, आम्ही ते विनामूल्य बसवून देऊ.