पावाच्या वाटीतील चीज का फुटते?

अमेरिकेत नाताळच्या मेजवान्यांना किंवा सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यासाठी जमलेल्या घोळक्यात एक पदार्थ हमखास असतो. मोठ्या गोल पावाचा वरचा भाग कापून काढायचा, आतला मऊ गर कोरून त्याचे तुकडे करायचे आणि त्या पोकळीत पालक, आर्टिचोक नावाची भाजी व वितळलेले चीज यांचे गरमागरम मिश्रण ओतायचे. पाहुणे पावाचे तुकडे त्यात बुडवून खातात आणि शेवटी वाटीही मोडून संपवतात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी घरांत हे डिप आता परके राहिलेले नाही, आणि इकडेही बाजारात क्रीम चीज सहज मिळू लागल्यापासून हौशी मंडळी ते करून पाहतात. कृती सोपी आहे, तरीही पदार्थ फसतो, आणि तो फसण्याच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. भट्टीतून काढल्यावर थोड्याच वेळात कडेला पिवळसर तेलाचे वर्तुळ दिसू लागते, चमच्याने ढवळले तर चीजच्या रवाळ गुठळ्या लागतात आणि तळाशी हिरवट पाणी साचून पाव खालून भिजू लागतो. मसाल्याला तेल सुटले की आपल्याला भाजी जमल्याचा आनंद होतो. येथे मात्र तेल सुटणे म्हणजे पदार्थ बिघडल्याची खूण. या तिन्ही दोषांचे मूळ एकच आहे: पाणी आणि स्निग्धांश यांना जागच्या जागी धरून ठेवणारी रचना कोठेतरी मोडलेली असते.

ती रचना मुख्यतः केसीन या प्रथिनाची असते. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असून ते दुधात सूक्ष्म पुंजक्यांच्या रूपात तरंगत असते. पुंजक्याच्या आतले रेणू कॅल्शियम फॉस्फेटने एकमेकांशी सांधलेले असतात, तर पृष्ठभागावरील लवदार थर दोन पुंजक्यांना चिकटू देत नाही. चीज करताना घातलेले रेनेट हे विकर नेमका तो लवदार थर कापून टाकते. मग पुंजके एकमेकांना चिकटतात, त्यांची जाळी तयार होते आणि त्या जाळीत लोण्याचे थेंब व पाणी अडकून बसते.

असे चीज तापवले की प्रथम स्निग्धांश वितळतो. त्यासाठी ३२ ते ३५ अंश सेल्सियस तापमान पुरते. उन्हाळ्यात टेबलावर राहिलेल्या चीजला घाम फुटल्यासारखा दिसतो तो यामुळेच. जाळी मात्र अजून शाबूत असते. चेडारसारखे चीज सुमारे ६५ अंशांपर्यंत पोहोचले म्हणजे प्रथिनांमधील बंध सैल होऊन ते खऱ्या अर्थाने वाहू लागते. पार्मेझानसारख्या कोरड्या, जुन्या चीजला त्यासाठी ८० अंशांच्या पुढे जावे लागते. पदार्थ येथेच थांबवता आला तर उत्तम. आच चालू राहिली, तर सैल झालेली प्रथिने एकमेकांना अधिकाधिक घट्ट बिलगतात, आकसतात आणि आतले पाणी पिळून बाहेर टाकतात. आधार गेल्यामुळे वितळलेल्या स्निग्धांशाचे थेंब एकत्र येऊन वर तरंगू लागतात. आपण ज्याला चीज फुटणे म्हणतो ते हेच, आणि प्रथिने एकदा अशी आकसली की नुसते घोटून ती पूर्ववत होत नाहीत.

चीजऐवजी पनीर किसून घालण्याची युक्ती अनेकांना सुचते, पण ती येथे लागू पडत नाही. पनीर रेनेटने नव्हे, तर उकळत आलेल्या दुधात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून होते. आम्लामुळे पुंजक्यांमधील कॅल्शियम फॉस्फेटचा बराच भाग विरघळून निघून जातो, केसीनचे रेणू थेट एकमेकांना चिकटतात आणि उष्णतेने उलगडलेली दुधाच्या निवळीतली (व्हे) प्रथिनेही त्यांना येऊन मिळतात. हे बंध उष्णतेने सैल होत नाहीत. म्हणूनच पनीर तळता येते, रश्श्यात उकळता येते, पण वितळवता येत नाही. डिपमध्ये त्याचे दाणे दाणेच राहतात.

फुटणाऱ्या चीजवर तोडगा शोधला तो स्वित्झर्लंडमध्ये. १९११ साली थून येथील वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी एमेन्टाल चीज सोडियम सायट्रेट या क्षारासह तापवून एकजीव, टिकाऊ चीज तयार केले. पुढे १९१६ मध्ये अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांना प्रक्रिया केलेल्या चीजचे पेटंट मिळाले आणि पहिल्या महायुद्धात असे डबाबंद चीज अमेरिकी सैन्याला पुरवले गेले. सायट्रेटचे काम सरळ आहे: ते केसीनला सांधणारे कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेते आणि त्या जागी सोडियम देते. सांधे सुटलेले केसीन पाण्यात पसरते, आणि त्याच्या रेणूचा काही भाग पाण्याशी तर काही भाग स्निग्धांशाशी सलगी करणारा असल्यामुळे ते लोण्याच्या प्रत्येक थेंबाभोवती थर धरून त्याला सुटे ठेवते. आपल्याकडच्या प्रक्रिया केलेल्या चीजच्या पाकिटावर घटकांच्या यादीत ३३१ हा आकडा असेल तर तो सोडियम सायट्रेटचा, आणि ३३९ असेल तर सोडियम फॉस्फेटचा. चोखंदळ मंडळी या चीजला नाक मुरडतात. चवीपुरता त्यांचा आक्षेप मला मान्य आहे. परंतु जुन्या, खमंग चेडारसोबत या चीजचे दोन-तीन क्यूब घातले की त्यातील क्षार साऱ्या मिश्रणाला सांभाळून घेतात, ही सोय नाकारण्यात अर्थ नाही. नुसते सायट्रेट हाताशी असेल, तर २०० ग्रॅम चीजला ४ ते ५ ग्रॅम पुरते.

दुसरा उपाय आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. ताकाला बेसन लावल्याशिवाय कढी उकळली की ती फुटते आणि बेसन लावले की फुटत नाही, यामागे पिठातील स्टार्चचा मोठा वाटा असतो. गरम पाण्यात स्टार्चचे कण फुगतात, त्यातून लांब साखळ्या बाहेर पडतात आणि द्रव दाट होतो; प्रथिनांच्या कणांना एकमेकांजवळ येऊन घट्ट होणे मग अवघड जाते. डिपसाठी चीज किसून त्याला थोडे कॉर्नफ्लोअर चोळण्यामागे किंवा आधी मैद्याचा व्हाइट सॉस करून त्यात मंद आचेवर चीज विरघळवण्यामागे हेच तत्त्व आहे. आंबट क्रीमऐवजी चक्का वापरणाऱ्यांनी तर हे पथ्य पाळावेच, कारण चक्क्यात स्निग्धांश कमी आणि आम्लाने आधीच गोठलेली प्रथिने भरपूर असतात.

आता भाजी. पालकाच्या १०० ग्रॅम पानांत सुमारे ९१ ग्रॅम पाणी असते. पाने ताठ दिसतात ती पेशींमध्ये दाबाने भरलेल्या या पाण्यामुळे. उष्णतेने पेशींची पटले फाटली की तेच पाणी बाहेर येते आणि टोपलीभर भाजी मूठभर होते. हे भट्टीत गेल्यावर घडले तर पाणी डिपमध्ये उतरते, म्हणून पालक आधी वाफवून, निववून, फडक्यात घट्ट पिळणे ही या कृतीतील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि दुर्दैवाने तीच घाईत उरकली जाते. पिळलेल्या गोळ्याला बोटाने दाबल्यावर थेंबही येता कामा नये. गोठवलेल्या पालकात बर्फाच्या स्फटिकांनी पेशी आधीच फाडलेल्या असतात, त्यामुळे तो वितळल्यावर पिळणे तुलनेने सोपे जाते. रंगाचेही एक गणित आहे: चीज व क्रीम यांच्या आम्लात पालक जास्त वेळ तापत राहिला, तर हरितद्रव्याच्या रेणूमधील मॅग्नेशियम निघून जाते, त्या जागी हायड्रोजन येतो आणि हिरवा रंग मेंदीसारखा मळकट होतो. मिश्रण आधी चुलीवर गरम करून भट्टीत थोडाच वेळ ठेवावे, ते यासाठी.

आर्टिचोक ही काटेरी वनस्पतीची न उमललेली कळी असते. अमेरिकेतील जवळजवळ सगळे उत्पादन कॅलिफोर्नियाचे, आणि तेथील कॅस्ट्रोव्हिल हे गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. त्याची गंमत जिभेवर कळते. आर्टिचोक खाल्ल्यावर साधे पाणी प्यायले तर काही जणांना ते गोड लागते, हे लिंडा बार्टोशुक आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दाखवले. त्यातील सायनारिन व क्लोरोजेनिक आम्ल यांच्याकडे या परिणामाचे श्रेय जाते. आपल्याकडे ते बरणीतलेच मिळते आणि महाग पडते. ते वगळले तरी डिपच्या घडणीत काही उणे येत नाही.

वाटीसाठी सॅन फ्रान्सिस्कोचा आंबट, जाड कवचाचा सावरडो पाव नावाजलेला आहे. चाउडर सूपही तेथे त्यात वाढतात. साखर-लोणी न घातलेल्या कणकेला कडक आचेवर कोरडे, टणक कवच येते, आणि पाणी अडवण्याचे काम तेच करते. लादी पाव एकमेकांना खेटून भाजले जात असल्याने त्यांच्या कडांना कवचच नसते, तेव्हा त्यांचा येथे उपयोग नाही. मुंबईचा ब्रून किंवा गोव्याचा उंडो मात्र एकेका पाहुण्यासाठी छोटी वाटी म्हणून चांगला चालतो. कोरलेल्या पावाच्या आतून लोणी फासून तो रिकामाच भाजून घेतला, तर आतला थर वाळतो आणि स्निग्धांशामुळे पाणी शिरण्याचा वेग मंदावतो. तळाला बोटभर जाडीचा गर सोडावा. त्यातील हवेचे बुडबुडे उष्णता लवकर बाहेर जाऊ देत नाहीत, त्यामुळे डिप काचेच्या भांड्यापेक्षा पावात अधिक वेळ गरम राहते.

तरीही ते तासन्‌तास गरम राहत नाही, आणि मेजवान्या लांबतात. शिजवलेले दुग्धजन्य अन्न ६० अंशांच्या खाली उतरले की जिवाणूंची वाढ सुरू होऊ शकते, म्हणून दोन तासांहून अधिक काळ ते बाहेर ठेवू नये. हातांवरून अन्नात येणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचे विष तर पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. उष्टा तुकडा पुन्हा बुडवण्याबद्दलही संशोधन झाले आहे: अमेरिकेतील क्लेम्सन विद्यापीठात पॉल डॉसन यांच्या विद्यार्थ्यांनी चावलेले बिस्किट पुन्हा बुडवून पाहिले, तेव्हा तोंडातले जिवाणू डिपमध्ये उतरतात हे दिसले. साल्सा या पातळ टोमॅटो चटणीमध्ये सुरुवातीला ते जास्त आढळले, कारण पातळ द्रव बिस्किटावरून ओघळून भांड्यात परत पडतो. दाट चीज डिप बिस्किटालाच चिकटून राहते. अर्थात, घट्ट डिप केले म्हणून उष्टे चालेल असे नव्हे. प्रत्येकाला छोटी ताटली आणि मध्ये एक मोठा चमचा दिला की प्रश्न मिटतो.

वेळेत उचललेले डिप पावात न ठेवता उथळ डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावे. उथळ थर लवकर थंड होतो. दुसऱ्या दिवशी त्यात दोन चमचे दूध घालून, मंद आचेवर ढवळत, वाफा येईपर्यंत पण उकळी न फुटू देता तापवावे. उरलेल्या पावाचे तुकडे मात्र वेगळे भाजावेत: थंड पावात पुन्हा स्फटिकरूप झालेला स्टार्च ६० अंशांच्या पुढे सैल होतो आणि शिळा पाव तेवढ्यापुरता मऊ होतो, मात्र तो गरम आहे तोवरच खाऊन संपवायला हवा.