गोष्टीवरून वाचन-आकलनाची चाचणी

मुलाला एखादी गोष्ट वाचायला द्यायची आणि तिच्यावर प्रश्न विचारून ती त्याला कितपत समजली, तिच्यातले शब्द त्याच्या ओळखीचे आहेत का, हे पडताळायचे, अशी ही पद्धत. शाळेत तिला ‘उताऱ्यावरील प्रश्न’ म्हणतात. शिकवून झालेला भाग दिला तर तो पठित उतारा, आधी न पाहिलेला दिला तर अपठित. प्राथमिक वर्गांत यासाठी बहुधा इसापनीतीतली, पंचतंत्रातली किंवा आजीच्या तोंडून आलेली जुनी गोष्ट निवडतात. ती आटोपशीर असते, पात्रे दोन-तीनच असतात आणि छापायला कोणाची परवानगीही लागत नाही. मुलांसाठीची मराठी छपाई सुरू झाली तीही अशाच गोष्टींनी : तंजावरच्या सरफोजी राजांच्या छापखान्यातून १८०६ साली निघालेली ‘बालबोध मुक्तावली’ म्हणजे इसापच्या गोष्टींचा अनुवाद होता.

प्रश्नांचे स्तर कसे असतात, हे भोपळ्यातल्या म्हातारीच्या गोष्टीवरून चांगले दिसते. ‘म्हातारी कोणाकडे निघाली होती?’ याचे उत्तर मजकुरातच असते. मूल ते वाक्य उचलते. समजल्याशिवायही असे उचलता येते. ‘टिमूने गरपळात झोंबा मिरटला’ या वाक्याला काहीच अर्थ नाही, तरी ‘टिमूने झोंबा कुठे मिरटला?’ असे विचारले, की दुसरीतले मूलही ‘गरपळात’ म्हणून मोकळे होते. प्रत्ययच उत्तर पुरवतो.

‘कोण कोणास म्हणाले?’ हा प्रश्नही वरवर याच जातीचा वाटतो, पण तो वाटतो त्याहून चांगला आहे. मराठी गोष्टींतल्या संवादांत बोलणाऱ्याचे नाव अनेकदा गाळलेले असते आणि कोणाचे बोलणे कुठे संपले, हे मुलाला स्वतःच धरून ठेवावे लागते.

‘वाघाने तिला पहिल्याच भेटीत का खाल्ले नाही?’ इथे दोन गोष्टी जोडाव्या लागतात : म्हातारीचे ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा’ हे बोलणे आणि वाघाचा हावरेपणा, जो गोष्टीत शब्दाने सांगितलेला नसतो. ‘म्हातारी खोटे बोलली का?’ हा त्याच्याही पुढचा प्रश्न. उत्तरसूचीत ‘हो, तिने वाघाला फसवले’ असे असते. पण ‘नाही, ती लठ्ठ झाली आणि परतही आलीच ना!’ असे म्हणणाऱ्या मुलाने गोष्ट जास्त बारकाईने वाचलेली असते. त्याचा गुण कापणारी चाचणी नेमके काय मोजते, हे विचारायला हवे.

चौथी इयत्ता गाठलेल्या मुलांच्या वाचनाची ‘पर्ल्स’ ही आंतरराष्ट्रीय पाहणी २००१ पासून दर पाच वर्षांनी होते. तिच्या २०१६ च्या आराखड्यात मजकुरातली माहिती शोधण्याला २० टक्के, सरळ अनुमानाला ३०, अर्थ लावून सांधण्याला ३० आणि मजकुराचे मूल्यमापन करण्याला २० टक्के वाटा होता. आपल्याकडच्या घटक चाचणीचे एखादे पान या मापाने तपासून पाहावे. तपासायला सोपे म्हणून पहिल्याच प्रकाराची तिथे गर्दी असते.

शब्दसंपत्तीसाठी समानार्थी, विरुद्धार्थी, जोड्या लावा, वाक्यात उपयोग हे ठरलेले प्रकार. जुन्या गोष्टींत उखळ, कणगी, सूप असे शब्द येतात आणि शहरातल्या मुलाने त्या वस्तूच पाहिलेल्या नसतात. पण उखळ माहीत नसल्याने गोष्ट अडत नाही. ‘युक्ती’, ‘कबूल करणे’, ‘वाटेत गाठणे’ हे कळले नाही, तर मात्र अडते. अमेरिकी अभ्यासक इसाबेल बेक आणि मार्गारेट मॅकिऑन यांनी शब्दांचे तीन थर मांडले : रोजच्या बोलण्यातले, अनेक प्रकारच्या लेखनात पुन्हा पुन्हा भेटणारे आणि एखाद्याच विषयापुरते. त्यांचा भर मधल्या थरावर आहे. गाइडमधून पाठ केलेली समानार्थी शब्दांची यादी लिहून घेण्यापेक्षा तो शब्द त्या वाक्यात काय सांगतो, हे विचारणे केव्हाही बरे.

गाळलेल्या जागांना शास्त्रीय रूप दिले ते विल्सन टेलर यांनी, १९५३ मध्ये. उताऱ्यातला ठरावीक अंतरावरचा, बहुधा दर पाचवा, शब्द काढून टाकायचा आणि वाचकाने संदर्भावरून तो भरायचा. मराठीत ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. ‘निघाली’ या क्रियापदावरूनच कर्ता स्त्रीलिंगी असल्याचे कळते, म्हणून कर्ता गाळला तर जागा फारच सोपी होते. उलट ‘जंगलातून’ गाळला, तर नामाबरोबर विभक्तीही जाते आणि जागा अकारण अवघड होते. त्यामुळे गाळायचे शब्द हाताने निवडावे लागतात.

जुन्या गोष्टीची मोठी अडचण अशी, की ती मुलाला आधीच येत असते. जॅनिस कीनन आणि रेबेका बेटजमन यांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की एका प्रचलित इंग्रजी वाचन चाचणीतल्या अनेक प्रश्नांची उत्तरे उतारा न वाचताही, नुसत्या अंदाजाने येतील त्याहून बरीच जास्त बरोबर येतात. त्या चाचणीतले उतारे तर मुलांच्या ओळखीचेही नव्हते. ससा-कासवाच्या शर्यतीत कोण जिंकले, हे विचारून वाचन कसे तपासणार? त्यातही घरोघर गोष्ट वेगळी. काही घरांत वाघ भोपळा फोडतो, काही घरांत म्हातारी सुखरूप घरी पोचते, बंगालीत तिचे कुत्रे तिला सोडवतात. मूल आजीची गोष्ट लिहून येते आणि चुकते. यावर साधा उपाय म्हणजे ओळखीच्या गोष्टीत मुद्दाम बदल करून तेवढ्यावरच प्रश्न विचारणे, किंवा उतारा देण्याआधीच प्रश्न विचारून पाहणे.

अनोळखी गोष्टही सगळ्यांना सारखी अनोळखी नसते. १९७९ मध्ये मार्गारेट स्टेफेन्सन, चित्रा जोगदेव आणि रिचर्ड अँडरसन यांनी भारतीय व अमेरिकी प्रौढांना एका भारतीय आणि एका अमेरिकी लग्नाचे वर्णन वाचायला दिले. आपापल्या देशातले लग्न दोन्ही गटांनी भराभर वाचले आणि जास्त लक्षात ठेवले. अमेरिकी वधूने आजीचा पोशाख घातला, हा तिकडे मानाचा भाग. एका भारतीय वाचकाला मात्र तो जुनापुराणा झगा वाटला.

भारतात गोष्ट वाचवून घेणारी सर्वांत मोठी पाहणी म्हणजे ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’. २००५ पासून ती घरोघरी जाऊन होते. अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा तिच्या पायऱ्या आहेत. गोष्ट नव्याने लिहिलेली असते आणि मुलाने ती मोठ्याने, फारसे न अडखळता वाचणे ही मुख्य कसोटी. २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी २०.५ टक्के मुलांना ती वाचता आली. हे आकडे आकलनाचे म्हणून सर्रास सांगितले जातात, ते बरोबर नाही. ती वाचता येण्याची पाहणी आहे.

गोष्ट वाचून झाल्यावर ती स्वतःच्या शब्दांत सांगायला लावणे ही आकलन तपासण्याची आणखी एक रीत. पात्रे, ठिकाण, अडचण, उपाय आणि शेवट यांतले काय मुलाने सांगितले, याची नोंद करतात. एका वेळी एकच मूल घ्यावे लागत असल्याने भरल्या वर्गात ती जमत नाही. घरी अहिराणी, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला ती घरच्या बोलीत सांगू द्यावी लागते; नाहीतर वाचलेले समजले की नाही यापेक्षा त्याला प्रमाण मराठी बोलता येते का, एवढेच तपासले जाते.