डिजिटल क्ष-किरण उपकरणांचा सुरक्षित वापर

फिल्मऐवजी फॉस्फर प्लेटवर (सीआर) किंवा फ्लॅट पॅनल डिटेक्टरवर (डीआर) एक्स-रे काढताना रुग्ण, कर्मचारी आणि खोलीबाहेरची माणसे यांच्यावर पडणारे प्रारण कमीत कमी ठेवण्याच्या पद्धती.

फिल्मच्या काळात जादा मात्रा लपत नसे. फिल्म काळी पडे आणि चूक सर्वांना दिसे. डिजिटल यंत्रात संगणक उजळपणा सावरून घेतो. मात्रा कमी पडली तर चित्र दाणेदार येते आणि रेडिओलॉजिस्टची तक्रार येते. दुप्पट पडली तर चित्र उलट अधिक स्वच्छ दिसते आणि कोणी काही बोलत नाही. त्यामुळे यंत्रावरचे आकडे हळूहळू वर सरकत जातात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक चित्रासोबत येणारा एक्सपोजर इंडेक्स. २००८च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याच्या जोडीला डेव्हिएशन इंडेक्सही मिळतो: शून्य म्हणजे ठरवल्याइतकी मात्रा, अधिक ३ म्हणजे सुमारे दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मी. हा आकडा डिटेक्टरवर पोहोचलेल्या मात्रेचा असतो, रुग्णाच्या शरीरातल्या मात्रेचा नव्हे. तरीही तो रोज पाहणारे केंद्र आणि न पाहणारे केंद्र यांत मोठा फरक पडतो.

लहान मुले. मुलांच्या वाढत्या पेशी प्रारणाला अधिक संवेदनशील असतात आणि परिणाम दिसायला पुढे आयुष्यही मोठे असते. प्रत्यक्षात गफलत होते ती प्रौढांच्या सेटिंगवरच बाळाची छाती काढल्याने. शरीराचा भाग साधारण १० ते १२ सेंटिमीटरहून कमी जाडीचा असेल तर ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) काढून ठेवावी. ती ठेवली की मात्रा वाढवावी लागते आणि चित्रात फारसे काही सुधारत नाही. स्वयंचलित एक्सपोजर नियंत्रणाचे (पुरेसे किरण पोहोचताच एक्सपोजर आपोआप थांबवणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर तान्ह्या बाळापेक्षा मोठे पडतात, म्हणून तिथे वजन आणि जाडीनुसार केलेला तक्ता बरा. कॉलिमेटरने किरणक्षेत्र आधीच आवळावे. अख्खे बाळ टिपून नंतर पडद्यावर चित्र कापल्याने सुबकपणा येतो, बाळावर पडलेली मात्रा मात्र कमी होत नाही.

मूल हलले की एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. म्हणून एक्सपोजरचा वेळ शक्य तितका कमी ठेवतात. धरायचेच झाले तर लेड अॅप्रन घालून आई-वडिलांपैकी एकाने किंवा नातेवाइकाने धरावे. टेक्निशियनने रोज धरू नये, गरोदर बाईने तर मुळीच नाही. जननेंद्रियांवर शिशाचा तुकडा ठेवण्याचा आग्रह पालक अजूनही धरतात. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९मध्ये ही सवय थांबवण्याची शिफारस केली, कारण तुकडा सरकून हाड झाकतो किंवा स्वयंचलित नियंत्रण मात्रा वाढवते. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (प्रारणाच्या मात्रेचे एकक) किंवा त्याहून कमी असते आणि निसर्गातून जगभर माणशी वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असते. तेव्हा डॉक्टरांना गरज वाटत असेल तर भीतीपोटी एक्स-रे टाळण्यात अर्थ नाही.

नियमन. परवाना अणुऊर्जा नियामक मंडळ (स्थापना १९८३) ई-लोरा या पोर्टलवरून देते. मंडळाचे मुख्यालय वाशीहून खाडीपूल ओलांडला की अणुशक्तीनगरात आहे. २००४च्या अणुऊर्जा (प्रारण संरक्षण) नियमांखाली यंत्राची गुणवत्ता तपासणी, प्रारण सुरक्षा अधिकारी आणि कर्मचाऱ्यांचे टीएलडी बॅज (अंगावर पडलेले प्रारण मोजणारे) या बाबी येतात. बॅज छातीवर, अॅप्रनच्या आत लावायचा असतो. कर्मचाऱ्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, सामान्य नागरिकासाठी १.

ठाणे आणि नवी मुंबईत अनेक केंद्रे सोसायटीच्या तळमजल्यावरील गाळ्यांत असतात. शेजारी दुकान, वर बिऱ्हाड. अशा जागी भिंत नुसती जाड असून भागत नाही. नव्या इमारतींतील हलके एएसी (सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक विटेपेक्षा बरेच कमी घनतेचे असतात आणि तेवढ्याच जाडीत किरण कमी अडवतात. त्यामुळे गाळा भाड्याने घेण्याआधीच नकाशा तपासून शिशाचा पत्रा किंवा बॅराइट या जड खनिजाचा गिलावा लागेल का हे ठरवावे. छताचा आणि दाराचा विचारही त्याच वेळी करावा.